सहा खिशांची इजार

माळ्यावर हळदी-कुंकवाच्या वाणाचे प्लास्टिकचे डबे कसे साचत जातात, तसे आमच्या गाडीत किस्से साचतात. कुणी मुद्दाम आणत नाही आणि कुणाच्यानं टाकवतही नाही. आम्ही तिघीजणी नांदेडहून कंधारच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेवर रोज अप-डाऊन करतो. मी, महानंदा मॅडम आणि नवीन लागलेली ज्योती. गाडी खाजाभाईची. मी एकोणपन्नास पूर्ण, महानंदा मॅडम गेली तीन वर्षं पन्नास आणि ज्योती सव्वीस. वयं आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भानगड वयाचीच आहे.

दोष ज्योतीचा. ती रोज काहीतरी नवीन घालून गाडीत बसते आणि आम्ही दोघी एका सुरात विचारतो, "कुठून घेतलं गं?" नुसतं विचारून थांबलो असतो तरी भागलं असतं!

* * *

पहिला नंबर महानंदा मॅडमचा. बाई मूळच्या उदगीरच्या, एकदा मनावर घेतलं की माघार नाही. ज्योतीचा ओव्हरसाइज टी-शर्ट बघितला आणि तसलाच मागवला. रविवारी तो घालून थेट माझ्या घरी! दारातच एक गिरकी घेतली. "कसा दिसायलाय?"

रंग सुरेख होता. पण टी-शर्ट अंगाला अगदी मापात बसला होता. आम्ही ज्योतीला व्हिडिओ कॉल लावला.

"मॅडम, हा तर फिटिंगचा झाला."

"अगं, लेबल बघ ना! ओव्हरसाइजच लिहिलंय."

"ते बारीक माणसाच्या हिशोबानं असतं, मॅडम."

महानंदा मॅडमनी लेबल पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "अय्यो! म्हणजे ढगळ दिसायला आधी बारीक व्हावं लागतं होय?"

सोमवारी गाडीत त्यांनी दुसरा समोसा घेतला नाही. मंगळवारी घेतला.

* * *

त्यांना हसणारी मी कोण? पुढच्याच महिन्यात मी केसांना लालसर बटा करून घेतल्या. पार्लरवाली म्हणाली, "काळजी करू नका, फक्त उन्हात दिसेल." नांदेडचं ऊन! म्हणजे बाराही महिने दिसणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

शाळेत नातवाला सोडायला आलेली एक आजी माझ्याकडं बघतच राहिली. "बाई, डोस्क्याला काय लागलं वो?"

"कलर केलाय आजी."

"हां का!" आजीच्या तोंडावर दया आली. "मेंदीच बरी व्हती की. हे गंजल्यावानी दिसायलंय."

परतीच्या वाटेवर खाजाभाईनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "मॅडम, मैं सुबे से सोचरा था, बोलूं क्या नक्को बोलूं!"

* * *

जेगिंगचा किस्सा मात्र मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. ज्योती सांगते.

शाळेत सलवार नाहीतर साडी, हे ठरलेलं. मी कुर्त्याखाली जेगिंग, म्हणजे जीन्ससारखी दिसणारी घट्ट लेगिंग, घातली. कुणाला काय कळतंय! नेमकी त्या दिवशी केंद्रप्रमुखांची भेट. साहेब म्हणाले, आपण मुलांच्या पंगतीत बसून खिचडी खाऊ. सगळे मांडी घालून बसले. माझे गुडघे काही दुमडेनात. शेवटी दोन्ही पाय समोर पसरून, ताट मांडीवर घेऊन बसले. खिचडी वाढणाऱ्या सुंदरबाईंनी पळी हातात तशीच धरून विचारलं, "बाई, पायात पाईप घातलाव का?"

बसणं एकवेळ जमलं. उठवायला चौथीच्या चार पोरी लागल्या! साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'विद्यार्थ्यांमध्ये सहकार्याची भावना दिसून आली.'

* * *

एवढ्यावर माणसानं शहाणं व्हायला पाहिजे. पण जूनमध्ये लेकीला, ऋतूला, लातूरला हॉस्टेलवर सोडायला गेले. ती बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. तिला सोडून बाहेर पडले, जीव कासावीस झाला होता, आणि समोर दुकानात पुतळ्याच्या अंगावर एक कार्गो पॅन्ट दिसली. सहा खिसे! बाजूला दोन, मागं दोन, गुडघ्याशी मोठाले दोन, आणि त्या गुडघ्याच्या खिशांना चर्रर्र वाजणारी चिकटपट्टी. आतापर्यंत माझ्या एकाही कपड्याला धड एक खिसा नव्हता.

काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "मावशी, मुलीसाठी का?"

"माझ्यासाठी" असं म्हणायची हिंमतच झाली नाही. "हो."

"साइज?"

"माझ्याच मापाची आहे ती."

पोरीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "वय काय तिचं?"

"सतरा."

ती गंभीर झाली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मावशी, राग मानू नका, पण एकदा थायरॉइड तपासून घ्या तिचं."

"हो बाई, बघते," असं म्हणून मान हलवली आणि पॅन्ट घेऊन बाहेर पडले. माझी ऋतू म्हणजे वाऱ्यानं उडेल अशी!

* * *

पॅन्ट पहिल्यांदा घातली ती कंधारच्या किल्ल्यावर, मुलांच्या सहलीला. वरून लांब कुर्ता, तेवढीच लाज राखायला. हेडमास्तर सर मुलांना इतिहास सांगत होते, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती, आणि माझा फोन वाजला. कुठल्या खिशात ठेवलाय ते आठवेना. उजवा गुडघा, चर्रर्र! नाही. डावा गुडघा, चर्रर्र! नाही. बाजूचे बघितले, मागचे बघितले, पुन्हा उजवा, चर्रर्र!

सर बोलायचे थांबले. चष्मा खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, एवढे दरवाजे तर या किल्ल्याला पण न्हाईत!"

* * *

इथवर सगळं हसण्यावारी होतं. दिवाळीच्या सुट्टीत ऋतू घरी आली. दोरीवर पॅन्ट बघून म्हणाली, "आई, ही माझ्यासाठी?"

"नाही गं, माझी आहे."

ती आत निघून गेली. जरा वेळानं आली आणि म्हणाली, "घरात घाल. पण मला भेटायला येताना घालू नकोस ना. पोरी हसतील. तू आई वाटत नाहीस मग."

"बरं," म्हणाले. पण लागलं मला ते. इतकं लागलं की फोडणीत दोनदा मोहरी पडली. हेडमास्तर हसले, सुंदरबाई हसल्या, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पोटच्या पोरीला आपली लाज वाटावी, हे काही हसण्यासारखं नाही. पॅन्टची घडी घातली आणि कपाटात साड्यांच्या खाली ढकलून दिली.

सुट्टी संपली, ऋतू हॉस्टेलवर परत गेली. गाडीत सांगितलं तर महानंदा मॅडम चिडल्या. "तिच्या जन्माच्या आधीपासून आपण कपडे घालतो!" खाजाभाई म्हणाला, "मॅडम, पैनना है तो पैनो, नै तो मेरेकू देव. गाडी पुसनेकू अच्छा कपडा लगता."

त्या दिवशी ती पॅन्ट जवळजवळ गेलीच होती खाजाभाईकडं.

* * *

तेवढ्यात आत्याबाई आल्या. माझ्या सासूबाई. जळकोटकडच्या गावी थोरल्या दिरांकडं असतात. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर नऊवारी लुगडं, ओच्यात खोचलेली सुपारीची चंची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी त्यांच्या पुढ्यात माझा डोक्यावरचा पदर आपोआप सरळ होतो.

खाजाभाईला द्यायच्या आधी म्हणून पॅन्ट धुवून गच्चीत टाकली होती. आत्याबाई वाळलेले कपडे घेऊन खाली आल्या. "ही इजार कुणाची?"

खोटं बोलायचं लातूरच्या दुकानातच संपलं होतं. "माझी."

त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. गुडघ्याच्या खिशात हात घातला, तो मनगटाच्या वर गेला. चर्रर्र उघडलं, दाबून लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग घडी करून माझ्या हातात दिली.  आता सगळ्या जळकोट तालुक्याला कळणार, असं धरूनच मी चालले होते.

रविवारी ऋतूला भेटायला लातूरला निघायचं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "म्या बी येते. आन् ती खिशाची इजार घाल."

"आत्याबाई, ऋतूला नाही आवडत ती."

"तिला काय करायचंय? माही चंची इरून गेली. सामान कशात नेऊ मी?"

आणि मला दारात उभी करून त्यांनी सामान भरलं. उजव्या गुडघ्याला अडकित्ता आणि सुपारी. डाव्या गुडघ्याला कागदात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू. बाजूला बीपीच्या गोळ्या आणि चुन्याची डबी. मागं एका खिशात आधार कार्ड, दुसऱ्यात चष्मा. चष्म्यामुळं नांदेड ते लातूर मी एका अंगावर बसून गेले.

हॉस्टेलच्या फाटकात ऋतू मैत्रिणींसोबत उभी होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण आत्याबाईंनी माझा दंड धरला आणि मला त्या पोरींच्या मधोमध उभी केली. वाकून माझ्या गुडघ्याशी हात घातला. चर्रर्र! लाडू निघाले.

"आजी, अजून काय आहे?" एक पोरगी म्हणाली.

चर्रर्र! अडकित्ता. पोरी हसून लोटपोट. आत्याबाईंनी तिथंच सुपारी कातरायला घेतली आणि सगळ्यांकडं बघत म्हणाल्या, "माह्या सुनंला सहा खिसे हायेत. तुमच्या आयांना किती?"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग ऋतूही हसली, माझ्या दंडाला बिलगून.

निघताना तिनं मला जरा बाजूला घेतलं. "आई, मला दे ना एकदा घालायला."

"अगं, तुला सैल होईल."

"सैलच घालतात, आई."

परतीच्या वाटेवर अहमदपूर येईपर्यंत मी गुडघ्याची चिकटपट्टी उघडत नि लावत राहिले. 

* * *

पुढच्या आठवड्यात ऋतूला द्यायची म्हणून पॅन्ट काढली, तर डाव्या गुडघ्याचा खिसा गायब! फाटला नव्हता, एकेक टाका सुबक उसवलेला होता. मी मशीनला दोष दिला. इस्त्रीवाल्याला जाऊन विचारलं. ऋतूला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, मी नुसता खिसा नेऊन काय करू?" गाडीत विषय काढला, तर खाजाभाईनं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले, आणि आम्ही तिघी एकदम ओरडलो.

सोमवारी आत्याबाईंना घेऊन महादेवाच्या देवळात गेले. आरती संपली. पुजारी स्वामींनी डोळे मिटले. देवळात पन्नासएक माणसं, पण चिटपाखराचाही आवाज नाही. मी हात जोडून उभी. शेजारी आत्याबाई, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले.

त्यांच्या ओच्यातून आवाज आला, चर्रर्र!

मी मान वळवून बघितलं. आत्याबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि डोळे न उघडता म्हणाल्या, "म्होरं बघ. देवाकडं."