सुगडावरची कोरी जागा

‘काकूंच्या हातात जादू आहे’ असं कुणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. काकू म्हणजे माझी आई. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीची सुगडं तीच रंगवते.

बाजारातून आणलेली ती छोटी मडकी खरखरीत असतात. आई फळ्याचा रंगीत खडू पाण्यात बुडवते आणि ओल्या टोकाने वेल काढते. माती रंग पिऊन टाकते. मग शाळेतल्या मुलांचे तेलकट खडू घेऊन पानांच्या कडा, मोराचे डोळे. सुगडाच्या पोटावर मात्र रुपयाएवढी जागा ती कोरी ठेवायची. पूजेच्या वेळी हळदीकुंकवाचं बोट तिथे टेकवतात, आणि तेलकट खडूवर ओलं कुंकू बसत नाही, ओघळून जातं.

बाबा गेले, त्यानंतरच्या संक्रांतीलाही बायका सुगडं घेऊन आल्या. “काकू, माझ्यावर मोर हं!” दुखरे गुडघे घेऊन आई आठवडाभर जमिनीवर बसली. मला वाटलं, बरं झालं, तिचं मन रमतंय.

हळदीकुंकू खालच्या हॉलमध्ये होतं. बोलावणं आलं ते मला एकटीला. आईला मागाहून बोलावतील असं धरून मी मूर्खासारखी नटूनथटून गेले. टेबलावर तिची सुगडं मांडली होती आणि त्यांच्यासोबत फोटो काढणं चाललं होतं. मी सेक्रेटरीच्या बायकोला विचारलं, “आईला नाही बोलावलंत?”

तिने माझा हात दाबला. “अगं, त्यांनाच वाईट वाटलं असतं ना. आपण समजून घ्यायचं.”

समजून घ्यायचं! याच बाईने दोन दिवसांपूर्वी आईकडून मोराचा पिसारा दोनदा बदलून घेतला होता. “आईच्या हातचं सुगड देवापुढे चालतं आणि आई चालत नाही?” मी सगळ्यांसमोर विचारलं. कुणीतरी माझ्यापुढे तिळगुळाची वाटी धरली. मी वाण न घेताच वर आले.

आई दारातच उभी होती. “कुणाचा रंग सुटला नाही ना गं?” तिने विचारलं. मला तिचाही राग आला, इतका की मी रडले.

यंदा पुन्हा सुगडं आली, तितक्याच गोड आवाजात. मी दारातूनच परत पाठवणार होते. आईने मला बाजूला सारलं आणि सगळी ठेवून घेतली. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर आई सुगडाच्या पोटावरचा कोरा गोल पिवळ्या तेलकट खडूने घासत होती, चांगला जोर लावून. रंगवून झालेल्या एकाही सुगडावर बोट टेकायला जागा नव्हती.

“अगं, कुंकू बसणार नाही त्यावर,” मी म्हटलं.

“माहितीये मला,” आई म्हणाली आणि तिने पुढचं सुगड उचललं.