पोलंडला गेलेला दाखला

स्नेहल खोत जनावरांची डॉक्टर व्हायला पोलंडला निघाली, तेव्हा देशाचं नाव ऐकून कोल्हापूरशेजारच्या गडमुडशिंगीत कुणी दचकलं नाही. जवळच्या वळिवड्याला महायुद्धात पोलंडची माणसं येऊन पाच वर्षं राहून गेली होती, त्यामुळं जुनी माणसं पोलंडबद्दल बोलायची ती लांबच्या सोयऱ्यांबद्दल बोलावं तशी. गावाला कोडं पडलं होतं ते निराळंच.

"तिथं म्हस नसती म्हंत्यात," शेजारची धोंडुबाई दारात उभी राहून म्हणाली. "मग ही शिकणार कशावर? मांजरावर?"

सगळे हसले, स्नेहलही हसली. पण म्हातारीचा नेम अचूक होता. स्नेहलला जनावर कळायचं ते म्हशीमुळं, आणि म्हशींतही एका काशीमुळं. काशीची आई वेतातच गेली तेव्हा स्नेहल नववीत होती. त्या रेडकाला तिनं बाटलीनं दूध पाजलं, थंडीत आपल्या अंथरुणातलं पोतं काढून त्याच्या अंगावर टाकलं, आणि बापाकडून शिव्या खाल्ल्या. पुढं काशीची शिंगं खांद्याच्या मागं गेली, अंग तुकतुकीत झालं, पण स्नेहलचा आवाज आला की वैरण टाकून मान वळवायची सवय काही गेली नाही. डॉक्टर व्हायचं हे स्नेहलनं त्या गोठ्यातच ठरवलं. निघायच्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर ती गोठ्यात गेली, तिथं तिला अर्धा तास लागला, आणि गाडीवाला हॉर्न वाजवून दमला.

घरात वडील सयाजी खोत, म्हणजे गावाचे आण्णा, दूध संस्थेचे चेअरमन. आई शांत स्वभावाची. थोरला भाऊ सम्राट, मनानं चांगला, पण पाडवा आला की त्याच्या अंगात यायचं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात माणसांपेक्षा म्हशी जास्त नटतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं म्हैस पळवायची. मालकाची गाडी ओळखून जी गर्दीतनं नेमकी त्याच्याच मागं पळते, तिच्या मालकाची मान वर्षभर ताठ. बाहेरच्यांना हे वेड वाटतं. वेड आहेच, पण आमचं आहे.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठात प्रत्येकाला एक काम दिलं होतं: एक गाभण जनावर निवडायचं आणि ते विऊन दूध देईपर्यंत दर आठवड्याला त्याच्या नोंदी ठेवायच्या. ताप किती, छातीचा घेर किती, खाणं किती, समोरून एक फोटो. बाकीच्यांनी तिथल्या गोठ्यांतल्या गाई घेतल्या. स्नेहलनं शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, माझी घरची म्हैस गाभण आहे, भाऊ मापं घेईल, मी फोनवरून नोंदी ठेवल्या तर चालेल का? बाई कडक होत्या, पण त्यांनी उभ्या जन्मात म्हैस शिकवली नव्हती. त्या हरखल्या आणि हो म्हणाल्या.

मग दर रविवारी सम्राट गोठ्यात टेप घेऊन उभा राहायचा आणि स्नेहल पोलंडात वही घेऊन. दिवाळी जवळ आली तसं तिनं बजावलं, "दादा, काशीला आठवा सरत आलाय. यंदा तिला पळवायची न्हाय."

"गळ्याशपथ," सम्राट म्हणाला. "दारातसुदिक आणत न्हाय."

पाडव्यानंतरच्या रविवारी फोन आला तो उशिरा. गोठ्यातला दिवा गेलाय म्हणे. अंधारात म्हशीची शिंगं तेवढी निळ्या रंगानं चकाकत होती; शास्त्रापुरती रंगवलीत, सम्राट म्हणाला. त्यानं मापं सांगितली, तिनं लिहून घेतली. मग नेहमीसारखी हाक मारली, "काशे!" म्हैस वैरण खात राहिली. तिनं पुन्हा हाक मारली. म्हशीनं कानही हलवला नाही.

"आई, ती माझा आवाज इसरली व्हय गं?" तिनं सम्राटच्या मागं उभ्या असलेल्या आईला विचारलं.

"इसरंल कशी?" आई म्हणाली. "तू फोन ठिवलास की कान टवकारून बघत बसती. वाट बघती तुझी."

त्या एका वाक्यावर स्नेहलनं अख्खा हिवाळा काढला. पौषात म्हैस व्याली, रेडी झाली. स्नेहलनं फोटो दाखवत वर्गात चॉकलेटं वाटली, आणि पोलंडच्या पोरापोरींनी त्या काळ्या ठिपक्याचं कौतुक केलं.

फेब्रुवारीत बाईंनी जनावराची ओळख पटवण्याचा धडा घेतला. माणसाच्या बोटांचे ठसे असतात तशा गाई-म्हशींच्या नाकावर रेघा असतात. जन्मल्यापासून मरेपर्यंत त्या बदलत नाहीत. उदाहरणाला बाईंनी कौतुकानं काशीच घेतली होती. ऑक्टोबरातला फोटो डावीकडं, फेब्रुवारीतला उजवीकडं, फोनवर अंगठ्याएवढे दिसायचे ते दोन्ही भिंतीएवढे मोठे. "आता बघा, कशा तंतोतंत जुळतात," असं म्हणून त्या पडद्याकडं वळल्या आणि बोलायच्या थांबल्या.

डावीकडं नाकाच्या मधोमध एक खोल रेघ होती आणि दोन बाजूंना तिचे फाटे फुटले होते. उजवीकडं नुसते बारीक दाणे. आंधळ्यालाही कळलं असतं. "फोटोंची अदलाबदल झाली असेल," बाई म्हणाल्या. त्या स्नेहलकडं बघत होत्या आणि ती काहीतरी बोलेल म्हणून थांबल्या होत्या. डावीकडचं नाक स्नेहलनं चार वर्षं चोळलं होतं. उजवीकडचं तिच्या ओळखीचं नव्हतं.

त्याच दुपारी तिनं सम्राटला फोन लावला. "दादा, काशी कुठाय?"

तो आधी हसला. मग नेटवर्क नाही म्हणाला. मग रडायला लागला, आणि थोरला भाऊ रडायला लागल्यावर स्नेहलला सगळं कळून चुकलं.

"पाडव्याला न्हेलतो तिला," तो म्हणाला. "गेल्या साली गल्लीतल्या त्या विश्वजितची म्हस पुढं गेलती, सगळी पोरं चिडवायलीती. म्हटलं एकच फेरी. वळणावर घसरली. पर उठली की लगीच! आमाला वाटलं काय झालं न्हाय. दुसऱ्या दिवशी पोटावर लाथा मारायला लागली, वैरण तोंडाला लावंना."

"पीळ पडला," स्नेहल म्हणाली. गर्भपिशवीला पीळ पडला की म्हैस अशीच करते. दोर बांधून म्हशीला पाडायची, पोटावर फळी ठेवून फळीवर माणूस उभा करायचा आणि योग्य अंगावर लोळवायची, की पीळ सुटतो. बारावीत असताना तिनं स्वतः तो दोर धरला होता. वेळेत केलं तर म्हैस वाचते. "डाक्टर कधी आलं?"

"तिसऱ्या दिवशी. दिवाळीचं गगनबावड्याला गेलतं पावण्यांकडं."

"मग मला का फोन केला न्हाईस? मी सांगितलं असतं की कुठल्या अंगावर लोळवायची!"

"तू पळवू नको म्हणालीतीस की," तो म्हणाला.

म्हणजे लेक जनावरांची डॉक्टर व्हायला सात समुद्रापलीकडं पाठवली, गोठ्यात म्हैस तडफडत होती, खिशात फोन होता, आणि फोन केला नाही. का, तर शपथ मोडल्याचं कळेल म्हणून. काशी तिसऱ्या रात्री गेली, पोटातल्या रेडकासकट. चौथ्या दिवशी आण्णांनी हातकणंगल्याच्या मामाची गाभण म्हैस आणून तिच्या दावणीला बांधली. शिंगं रंगवायची कल्पना आण्णांची. दिवा काढून ठेवायची सम्राटची. आणि "वाट बघती तुझी" हे आईचं. भावाचा राग येतो आणि जातो. आईचं ते वाक्य मात्र स्नेहलच्या मनातनं जाईना, कारण ते तिनं हिवाळाभर उराशी धरलं होतं.

इकडं विद्यापीठानं चौकशी लावली. त्यांच्या लेखी खोटी नोंद हा सगळ्यात मोठा गुन्हा, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. उद्या त्याच नोंदीवर औषध ठरणार, जनावर जगणार किंवा मरणार. स्नेहलनंच आकडे बनवले असं ठरलं तर तिचं नाव काढून टाकणार होते. घरच्यांनी चुकीची माहिती दिली असेल तर तसं त्यांनी लिहून द्यावं, दोन आठवड्यांत. एवढंच पत्र तिला हवं होतं.

"पाठीवतो की," आण्णा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

आठ दिवसांत पत्र आलं. दूध संस्थेचं लेटरहेड, सेक्रेटरीकडून टाइप करून घेतलेलं इंग्रजी, खाली चेअरमनची सही आणि गोल शिक्का. स्नेहलनं वाचायला घेतलं. दाखला देण्यात येतो की, आमच्या गोठ्यातील काशी नावाची म्हैस जिवंत असून तिची तब्येत उत्तम आहे. सोबतचे दोन्ही फोटो एकाच म्हशीचे आहेत. कुमारी स्नेहल हिची वर्तणूक चांगली आहे.

आण्णांनी हे चेष्टेनं केलं नव्हतं. आपल्याकडं शिक्का मारला की तंटा मिटतो. हयातीचा दाखला असेल तर मेलेला माणूसही जिवंत, आणि नसेल तर जिवंत माणूस मेल्यात जमा. त्याच हिशोबानं त्यांनी काशीला जिवंत केलं होतं, आणि लेकीसाठी केवढं मोठं काम केलं म्हणून ते खूश होते.

"आण्णा, हे खोटं हाय," स्नेहल फोनवर म्हणाली. "मला खरं लिहून द्या. काशी मेली, आणि आमी स्नेहलला सांगितलं न्हाय, एवढंच."

"येडी का खुळी तू? गावात साप चावला म्हणून सांगितलंय. गाभण जनावर कसं जपावं ह्याच्यावर मीच संस्थेत भाषणं ठोकतो, आनि माझ्याच गोठ्यात पळवून मारली असं माझ्या हातानं लिहून देऊ? निवडणूक तोंडावर हाय. कागद कुठनं कुठं जातोय सांगता येत न्हाय."

"आनि माझं काय?"

"तुझं काय? शिक्का मारून दिलाय की!"

"मग दादाला तरी लिहू द्या."

"त्यो माझ्या घरात ऱ्हातोय," आण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चौकशीला टेबलापलीकडं तिघं होते, त्यात बाईही होत्या. स्नेहलनं सगळं सांगितलं: पाडवा, मोटारसायकल, पीळ, मामाची म्हैस. सांगताना तिचं तिलाच ते बनवल्यासारखं वाटत होतं. जिथं म्हैस माहीत नाही तिथं म्हशीची शर्यत कोण खरी मानणार?

"तुमच्या घरून काही पत्र आलं आहे का?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना तिला वाचवायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं.

पत्र स्नेहलच्या मांडीवरच्या फाइलीत होतं. ते टेबलावर ठेवलं असतं तर तिची सुटका होती. पडद्यावर नाकं वेगळी, आणि बाप सही-शिक्क्यानिशी म्हणतो म्हैस एकच. या घरात खोटं कोण बोलतं याला आणखी पुरावा कशाला हवा होता? तिला नुसती फाइल उघडायची होती. तिनं आण्णांची ती गोल, लफ्फेदार सही आठवली. ही तीन परकी माणसं ती सही वाचून एकमेकांकडं बघतील आणि तिच्या बापाला हसतील, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिला बापाचा भयंकर राग आला होता. तरी तिचा हात उठला नाही.

"नाही," ती म्हणाली. "काही आलं नाही."

बाईंनी शब्द टाकला म्हणून नाव काढलं नाही. पण वर्ष गेलं, आणि तिच्या कागदांवर खोट्या नोंदी केल्याचा शेरा पडला. तो पुसणारा शिक्का कुठल्याच संस्थेकडं नाही.

रविवारी आण्णांचा फोन आला. मागं संस्थेतली वर्दळ ऐकू येत होती, किटल्या आदळत होत्या. "काय झालं गं? दाखला लागू पडला न्हवं?"

"पडला, आण्णा. झालं काम."

"बघा!" आण्णा तिकडं कुणाला तरी ओरडून म्हणाले. "आपला शिक्का पोलंडात चालला!"

संध्याकाळी आईनं वेगळा फोन केला. ती हळू आवाजात बोलत होती. "खरं सांग बाय. शिक्क्यानंच झालं व्हय? तू बरी हायस न्हवं?"

पाडव्यापासून त्या घरातनं तिला पहिल्यांदाच कुणी खरं विचारत होतं. वर्षापूर्वी हा आवाज ऐकून ती ढसाढसा रडली असती आणि सगळं सांगून मोकळी झाली असती. आता तिनं वही पुढं ओढली.

"व्हय की," ती म्हणाली. "सगळं बरं हाय हितं. तू काळजी करू नगंस. मी ठेवतो आता, अभ्यास हाय."

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं ते खरं मानलं, जसं हिवाळाभर स्नेहलनं तिचं मानलं होतं.