कुंकू लावलेला मास्क

राहुरीजवळच्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला गेलो होतो. तिथं निवृत्तीला आलेला एक कर्मचारी क्लोरिन वायूच्या खोलीबाहेर उदबत्ती लावून उभा होता. वाऱ्याची दिशा कळायला धूर कुठं वळतो ते त्यानं पाहिलं, मग ओला टॉवेल नाकातोंडाला बांधला.

"मास्क कुठाय?" मी आवाज चढवला.

त्यानं कपाट उघडलं. मास्कवर खंडेनवमीचं कुंकू होतं, वाळलेला झेंडू होता.

"पूजेचा हाय, सायेब. तोंडाला कसा लावायचा?"

मी हट्टानं लावायला लावला. पट्टा ओढताच रबराचे तुकडे त्याच्या हातात आले. ते त्यानं हळूच कपाटात ठेवले, टॉवेल पुन्हा भिजवला आणि आत गेला.

'सर्व कर्मचाऱ्यांना मास्क वापरता येतो', प्रशिक्षणाच्या अहवालातल्या या ओळीखाली संध्याकाळी मी सही केली.