चौदा वेळा दिवाळखोर

ज्या माणसाचं पडद्यावर चौदा वेळा दिवाळं निघालं, तो माणूस खऱ्या आयुष्यात कुणाचं एका पैशाचंही देणं लागत नव्हता. सिनेमावाले त्यांना 'कागदवाले' म्हणत. सिनेमात जे जे कागद दिसतात ते बनवणं हा त्यांचा धंदा. जप्तीच्या नोटिसा, न वटलेले चेक, बुडालेल्या बँकांची पासबुकं, सगळं त्यांच्या हातचं. गेली काही वर्षं कर्जाचे आणि बुडत्या बँकांचे सिनेमे एकामागून एक निघत होते. लोकांना आपलंच दुःख तिकीट काढून बघायला आवडतं, त्याला कोण काय करणार! कागदवाल्यांना मात्र त्यापायी जेवायला फुरसत नव्हती.

त्यांची एक पद्धत होती. नोटिशीवर नाव टाकायचं ते स्वतःचं आणि पत्ताही स्वतःच्याच घराचा. सुरुवातीला एकदा त्यांनी मनानेच एक नाव ठोकून दिलं होतं, तर त्या नावाचा खराखुरा दुकानदार वकिलाला घेऊन सिनेमा कंपनीत हजर! तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. "दुसऱ्याची अब्रू कशाला काढायची? आपली घरचीच आहे," असं ते म्हणत आणि स्वतःच मोठ्याने हसत.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर शिक्के आणि शाईच्या बाटल्या. दोरीवर चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले कागद वाळत असत. भिंतीला एक लोखंडी पेटी होती आणि ती बायकोच्या ताब्यात. त्यांनी छापायला दिलेलं काही छापखान्यातून टपालाने आलं की ती सही करून घ्यायची, पहिलं पान बघायची आणि चेक चेकांच्या फाइलीत, नोटीस नोटिसांच्या फाइलीत लावून टाकायची. हे काम तिने बत्तीस वर्षं केलं आणि त्यात कधी एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. तिच्या या टापटिपीचं कागदवाल्यांना भारी कौतुक होतं.

त्यांनी आयुष्यात एकाच खऱ्या कर्जाच्या कागदावर सही केली होती. धाकट्या भावाने फर्निचरचं दुकान टाकलं तेव्हा ते त्याला जामीन राहिले आणि घर तारण दिलं. भाऊ अधूनमधून फोन करायचा. "दादा, हप्ते वेळेवर चाललेत," म्हणायचा. दादांना तेवढं पुरे होतं. भोळेपणाला औषध नसतं.

नव्या सिनेमासाठी दिग्दर्शकाला नोटीस हवी होती. कागदवाल्यांनी एका दुपारी पेटी उघडली. हाताला लागलेली नोटीस बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. पातळ कागद, तिरक्या ओळी, शाई पसरलेला शिक्का. "हे कुणी केलंय गं? पडद्यावर साफ खोटं दिसेल."

"तुमचा छापखाना, दुसरं कोण!" बायको आतून म्हणाली. "तीन महिन्यांत तशा तीन आल्यात. तिन्ही लावल्यात बघा."

त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर धाकट्याचं नाव होतं. त्याच्याखाली 'जामीनदार' म्हणून त्यांचं. स्वतःला ते नेहमी कर्जदार करत, जामीनदार त्यांनी कधीच केलं नव्हतं. तिन्ही नोटिसा शर्टात कोंबून ते तसेच बँकेत गेले.

बँकेचा साहेब वाईट माणूस नव्हता, तेच जास्त वाईट. "तुमच्या भावाने आमच्या हातावर तुरी दिल्या," तो म्हणाला. "पण तुम्ही पहिल्या नोटिशीला आला असतात, तर मी हप्ते पाडून दिले असते. आता लिलाव होऊन गेला. महिन्याभरात घर सोडावं लागेल." त्याने पोचपावत्या पुढे ठेवल्या. तिन्हींवर बायकोची सही होती, नेहमीसारखी, खाली रेघ ओढलेली.

"नोटिसा मिळाल्या होत्या मला," कागदवाले म्हणाले. "यायला धीर झाला नाही, साहेब."

घर जातंय याचं दुःख होतंच. पण ते आपल्याच हातून गेल्याचं बायकोला कळलं, तर ती उरलेलं आयुष्य कशी काढणार, या विचाराने ते वाटेत दोनदा थांबले. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर ते टेबलाशी बसले आणि त्यांनी तीन नोटिसा बनवल्या. तसाच पातळ कागद, तशाच तिरक्या ओळी, तसाच शाई पसरलेला शिक्का. फक्त बँक सिनेमातली. मागे पेन्सिलीने सिनेमाचं नाव आणि प्रसंगाचा क्रमांक. त्या फाइलीत लावल्या आणि खऱ्या जाळून टाकल्या. इतकं मन लावून त्यांनी आजवर कुठल्या दिग्दर्शकासाठीही काम केलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं. बँकेच्या नोटिसा तीन महिने स्टुडिओच्या पत्त्यावर येत होत्या, मी बॅगेत लपवून ठेवल्या, घर गेलं.

ती उठली आणि थेट पेटीशी गेली. चष्मा लावून तिने तिन्ही कागद वाचले, मागून पुढून बघितले. "ही भलतीच बँक आहे," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "मला वाटलं, मीच..."

कागदवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

मग तिने चष्मा काढला. "म्हणजे तीन महिने तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात, आणि तोंडातून अक्षर काढलं नाहीत? अहो, माझ्या बांगड्या होत्या. त्या मोडल्या असत्या तर घर राहिलं असतं. कशाला जपल्या होत्या मी त्या?"

त्यांनी खाली मान घातली. तिचं खरं होतं, आणि जे खरं होतं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

महिनाभर ती कामापुरतं बोलली. पत्र्याच्या छपराची एक भाड्याची खोली मिळाली. सामान टेंपोत चढलं. रिकाम्या घरात दोघंच उरली, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "आता तरी माझ्यापासून काही लपवलेलं नाही ना?"

"नाही," कागदवाले म्हणाले.

बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही.