बिनघोड्याची बंदूक

गोरेगावात परवान्याची बंदूक एकच होती, आणि ती एका बाईच्या नावावर होती.

मदीनाबीचा नवरा जहांगीर गावच्या पिकांची राखण करायचा. तो तापानं गेला आणि त्याचा चाळिसावा व्हायच्या आतच रानडुकरांनी खालच्या शिवारातली ज्वारी लोळवली. तेव्हा मदीनाबी स्वतःच शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढली. नवऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीत दारू ठासून द्यायचं काम वर्षानुवर्षं तीच करत होती. नेम धरायलाही ती हळूहळू शिकली. परवाना तिच्या नावावर करून घ्यायला पोलीस पाटील व्यंकटराव स्वतः कचेरीत गेले. तिथला कारकून हसला, तसे पाटील म्हणाले, "डुकरं इचारतात का, माळ्यावर बाई हाय का बाप्या?"

पडलेल्या डुकराला मदीनाबी हात लावत नसे. जवळच्या तांड्याचा नाईक सेवा माणसं घेऊन यायचा आणि ते उचलून न्यायचा. बदल्यात त्याची बायको नीलाबाई तिला गोवऱ्या, कधी तूप आणून द्यायची. असं सगळं बरं चाललं होतं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. कुठं धान्य नेलं, कुठं घरं जाळली, अशा बातम्या रोज यायच्या. एक दिवस मदीनाबीला त्यांचा निरोप आला, बंदूक तयार ठेव, आमी घ्यायला येऊन राहिलो.

चावडीत माणसं जमली. व्यंकटराव म्हणाले, "मदीनाबी, बंदूक आमच्या हवाली कर. गावात चार जवान पोरं हायेत. हातात काहीतरी असलं तर ते आत घुसायला कचरतील."

"तांड्यावर द्या," सेवा म्हणाला. "आमी उघड्या रानात राहतो. पयला घाला आमच्यावरच पडंल."

कोणी म्हणालं, ठाण्यात जमा करा. त्यावर बाकीचे ओरडले, ठाण्यातून ती कुणाच्या हातात जाईल हे काय सांगायला पाहिजे?

मदीनाबी दाराशी बसून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "पाटील, एक बार काढला की ती ठासायला किती वेळ लागतो ते मला ठाव हाय. तेवढ्यात ते दहा बार काढतील आन् गाव जाळतील. ही डुकरासाठी घेतली. माणसासाठी मी कुणालाच देणार न्हाई. त्यांनाबी न्हाई, तुमालाबी न्हाई."

"मंग त्यांनी हिसकावली तर?"

ती उठली. घरी आली, जहांगीरच्या हत्यारांनी बंदुकीचा घोडा उतरवला आणि विहिरीत टाकून दिला. उरलेली दारूही पाण्यात ओतली.

गावाला कळलं तेव्हा व्यंकटराव संतापले. "गावाची एकच बंदूक होती, तीबी नासवलीस! उद्या बायालेकरांवर आलं तर काय लाटणं घेऊन उभं राहायचं?" पाटलांचं म्हणणं खोटं नाही, हे तिलाही कळत होतं. पाटलांनी बोलणं टाकलं. डुकरंही जणू समजल्यासारखी शिवारात उतरू लागली, आणि लोक तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवू लागले.

रझाकार आले ते भर दुपारी. म्होरक्यानं बंदूक हातात घेतली, अंगठा घोड्यावर न्यायला गेला आणि थांबला.

"घोडा कहाँ है?"

"काढून टाकला."

"काहून?"

"माझ्या बंदुकीनं माणूस मरू नये म्हणून."

त्यानं हात उगारला. सोबतचा एक म्हातारा मधे आला. "जाने दो, बेवा औरत है." तरी जाताना त्यांनी बंदूक नेलीच. दुसऱ्या दिवशी म्होरक्यानं तीच रोखून तांड्यावरची गुरं मागितली. सेवानं ती लांबूनच ओळखली. रिकामी नळी दाखवून हा धमकावून राहिला, हे त्याला कळलं. त्यानं हाळी दिली, तांड्याची सगळी माणसं काठ्या घेऊन धावली, आणि आलेले चौघं मोकळ्या हातानं पळाले. बंदूक तिथंच पडली. सेवानं ती कडब्याच्या गंजीत खुपसली.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य बुडालं. गाव नाचलं, पण मदीनाबीच्या गल्लीत दारं बंद झाली. बाहेरगावचे लोक मुसलमानांच्या घरांवर चालून जात होते. अशातच एक जमाव आला आणि ओरडू लागला, "या बाईकडं बंदूक हाय! ही रझाकारांना मिळालेली हाय!" मागोमाग फौजेचा सुभेदारही शिपाई घेऊन आला. मदीनाबी लेकीला, अजराला, मागं घालून उंबऱ्यात उभी राहिली.

गर्दीतून व्यंकटराव पुढं आले. महिनाभर तिच्याशी न बोललेला माणूस तिच्या दारात आडवा उभा राहिला. "साहेब, मी गावचा पाटील. घराची खुशाल झडती घ्या. या बाईनं बंदूक त्यांनाबी दिली न्हाई आन् आमालाबी दिली न्हाई."

तेवढ्यात सेवा आला. खांद्यावरची बंदूक त्यानं सुभेदारापुढं ठेवली आणि तांड्यावर घडलेलं सगळं सांगितलं. सुभेदारानं घोड्याच्या जागेवरचं रिकामं भोक बोटानं चाचपलं. मग तो शिपायांना म्हणाला, "हत्यार जमा करून घ्या. या घराला कुणी हात लावायचा नाही." गल्लीच्या तोंडाशी त्यानं दोन शिपाई बसवले. जमाव पांगला.

मदीनाबी तिथंच ओसरीवर बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. अंगावर ऊन आलं तरी तिला जाग आली नाही. नीलाबाई भाकरी घेऊन आली, तर अजरा तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "निजू द्या, मावशी. किती दिवसांनी निजली."

हिवाळ्यात व्यंकटराव पुन्हा दारात आले. पिकाच्या राखणीसाठी नवे परवाने मिळतील, असं ते ऐकून आले होते.

"तुझ्या नावानं अर्ज करू का?"

"तुमच्या नावानं करा, पाटील. बंदूक गावाला पायजेच. पण ती कुणाच्या घरात हाय आन् कशासाठी हाय, हे साऱ्या गावाला ठाव असू द्या."

पाटलांनी मान हलवली. मदीनाबीनं त्यांना चहा विचारला, आणि बोलणं टाकल्यापासून पहिल्यांदाच ते तिच्या ओसरीवर बसले.