फिरी मॅडमची वर्तणूक

माझ्या चिमटीत एक वेणी होती आणि ती माझ्या बायकोची नव्हती.

ती वेणी फिरी मॅडमची. त्या माझ्या टेबलावर वाकून प्लॉटचा नकाशा बघत होत्या. डोक्यावर बारीक बारीक कितीतरी वेण्या. त्यातली एक घसरली आणि नकाशावर पडली, बरोबर कुंभार पिंपळगाववर. बाजूला करावी म्हणून मी ती उचलली. इथपर्यंत ठीक होतं. पण सीड्स कंपनीत येण्याआधी मी सहा वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. ग्रेडर म्हणजे कापूस हातात घेऊन त्याची प्रत सांगणारा माणूस. पुंजका अंगठ्यात आणि बोटात धरायचा, हलकेच ओढायचा, धागा किती लांब आहे आणि किती चिवट, ते बघायचं. दिवसभर हेच. नोकरी सुटली, बोटांची सवय सुटली नाही. देवघरातली वातसुद्धा मी लावण्याआधी ओढून बघतो. तर त्या बोटांनी मला काही न विचारता वेणीचं टोक चोळलं आणि हलकेच ओढलं.

मॅडम सरळ झाल्या. त्याही कापसातल्याच. मी काय करतोय ते त्यांनी बघताक्षणी ओळखलं.

"मग सर," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "काय ग्रेड लावता?"

मी काहीतरी पुटपुटलो, त्यात जिनिंग हा शब्द दोनदा आला. त्यांनी वेणी माझ्या चिमटीतून काढून घेतली आणि मागे टाकली. या वेण्या माझ्या बहिणीने अख्खा दिवस बसून घातल्यात, म्हणाल्या. डोक्याला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं, आणि मी बहुतेक नाही म्हणेन. एवढं बोलून त्या परत नकाशाकडे वळल्या. त्यांचा जालन्यातला तो दुसरा दिवस होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या कंपनीला आफ्रिकेत बियाणं विकायचं होतं. त्या वाटाघाटींतून झांबियाच्या शेतीखात्याने आपली एक अधिकारी हंगामभर ट्रेनिंगला पाठवली. ग्रेस फिरी, वय तिशीच्या आसपास. ट्रेनिंग देणारा मी, शेवटी रिपोर्ट लिहिणाराही मीच. त्यांच्याकडे एक कापूस केंद्र होतं, त्याच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. त्या खुर्चीवर बाई कधी बसली नव्हती. खात्याने त्यांना सांगितलं होतं, इंडियाहून चांगला रिपोर्ट आणा, मग बघू. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, लपवाछपवी नाही.

नावाची गंमत मात्र मीच त्यांना सांगितली. त्यांच्या भाषेत फिरी म्हणजे डोंगर. आमच्याकडे फुकट मिळतं ते फिरी. बियाण्याच्या दोन बॅगांवर एक पिशवी फिरी. त्या हसल्या. पण ऑफिसात ती गंमत दुसऱ्याच अंगाने गेली.

मोजायला बसलो नाही, पण ऑफिसात त्या केसांना हात न लावलेला माणूस शोधावा लागला असता. अकाउंटवाल्याने लावला, टायपिस्टने लावला, एका साहेबांची पोरं खास बघायला आल्ती त्यांनी लावला. मागून यायचं, वेणी उचलायची, खी खी करायचं. ह्या धुता कशा? खरे हायत का चिकटवलेत? एकाने तर केसांना लावलेलं बोट आपल्या पांढऱ्या शर्टावर घासून बघितलं, रंग लागतो का म्हणून. आणि बाकीचे हसले. शिकलेली माणसं. भिंतीवर डिग्र्या टांगलेली.

मी काय केलं? मी पण हसलो. थोडंसं. नंतर मॅडमना म्हणालो, मनावर घेऊ नका, आमच्याकडे लोकांना कौतुक फार.

त्याच दिवशी मी त्यांना आयसोलेशन डिस्टन्स शिकवत होतो. म्हणजे असं, की बियाण्याचा प्लॉट आणि शेजारचा दुसऱ्या जातीचा कापूस यांच्यात ठरावीक अंतर मोकळं सोडायचं. नाहीतर परका पराग येऊन बसतो आणि अख्खा प्लॉट बाद होतो. मॅडमनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "माणसांसाठी किती ठेवता?" मला तो विनोद वाटला. मी त्यालाही हसलो.

मग आम्ही केदारखेड्याच्या प्लॉटवर गेलो. तिथे चंद्रकलाबाई मुकादम होत्या. त्यांच्या हाताखाली पंधरा-वीस बाया क्रॉसिंगचं काम करत. क्रॉसिंग म्हणजे, मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी आज दुपारून नखाने सोलायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, खुणेला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर घासायचं. काम नाजूक. नख जास्त लागलं की कळी गेली. चंद्रकलाबाईंचे वाडवडील मेंढरं राखायचे, त्या स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या नखाइतकं बारीक काम मी एकाही एमएस्सीवाल्याचं बघितलं नाही.

जीप थांबली आणि बायांनी मॅडमना घेरलं. चिकट हातांनी वेण्या उचलून राह्यल्या. एक म्हातारी तेवढी लांब उभी राहून हात जोडत होती. तिला वाटलं, देवीची जट आहे. जटेला हात लावत नाहीत. गैरसमजातून का होईना, सबंध जिल्ह्यात अंतर राखणारी ती एकटी निघाली.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि चंद्रकलाबाईंच्या डोक्यावरचा पदर मागे ओढला.

चंद्रकलाबाईंनी झटकन पदर वर घेतला. "ए बाई, डोक्यावरचा पदर ओढती का? कोणी शिकवलं तुला?"

मी मध्ये पडायला धावलो. मॅडमनी मला हातानेच थांबवलं. चंद्रकलाबाईंच्या पदराकडे बोट दाखवलं, मग आपल्या केसांकडे. "सेम," म्हणाल्या.

चंद्रकलाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मागे वळल्या. "ऐकलं का गं समद्या? तिचा पदर हाय त्यो. बिलकुल हात न्हाई लावायचा."

त्यानंतर त्या प्लॉटवर कोणीही त्या केसांना हात लावला नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईला जे दोन मिनिटांत कळलं, ते आमच्या ऑफिसला हंगाम संपेपर्यंत कळलं नाही. मलाही थोडंफार कळलं ते तिथेच, आणि मी ट्रेनर होतो. पुढे मॅडम त्या बायांच्यात बसून भाकर खायच्या, त्यांच्याकडून मराठी शिकायच्या. क्रॉसिंगला त्यांचा हात असा बसला की चंद्रकलाबाई म्हणायच्या, हिला आमच्याकडंच ठिवा.

हंगामाच्या शेवटी कुंभार पिंपळगावला कंपनीचा शेतकरी मेळावा झाला. मंडप, माईक, पाचशे-सातशे माणूस. क्रॉसिंग करून दाखवायला चंद्रकलाबाईंची टोळी टेम्पोतून आणली होती. स्टेजवर आमचे जनरल मॅनेजर, त्यांच्या शेजारी आमचे मोठे डीलर. त्यांना सगळे शेठ म्हणत. दोन तालुक्यांचं बियाणं त्यांच्या दुकानातून जायचं, त्यामुळे जीएम साहेब शेठसमोर पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः सरकवायचे.

जीएम साहेबांनी माईकवर मॅडमची ओळख करून दिली. शिक्षण सांगितलं नाही, काम सांगितलं नाही. म्हणाले, या आफ्रिकेहून आल्यात, यांचे केस बघा, वडाच्या पारंब्या. मंडप हसला. शेठला जोर चढला. ते उठले, मॅडमच्या मागे गेले, दोन वेण्या मुठीत धरल्या आणि फोटोवाल्याला खूण केली. "असली है क्या नकली, देखते हैं," म्हणाले आणि ओढल्या. हलकेच नाही. बैलाचा कासरा ओढावा तशा. मॅडमची मान मागे गेली.

मी स्टेजच्या पायरीवर उभा होतो. चार पावलांवर. माझे पाय हलले नाहीत.

मॅडमनी मागे हात नेला, शेठचं मनगट धरलं आणि त्यांचा हात खाली आणला. त्यांच्याच बाजूला नीट ठेवला, परक्याची वस्तू परत करावी तसा. मग माईकपाशी गेल्या आणि केदारखेड्याच्या मराठीत म्हणाल्या, "नाव फिरी हाय. केस फिरी न्हाईत."

पहिली टाळी चंद्रकलाबाईंच्या टोळीतून आली. मग बायांची सगळी बाजू वाजायला लागली. शेठ स्टेजवरून उतरले आणि जेवण न करता गेले.

दुसऱ्या दिवशी जीएम साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शिंदे, त्या बाईचा रिपोर्ट झाला का?"

"या आठवड्यात देतो, सर."

"कामाचं काय ते लिहा. वर्तणुकीच्या रकान्यात असमाधानकारक टाका."

"कारण काय लिहू?"

"पाहुण्यांचा अपमान केला म्हणून."

"सर, पाहुण्या त्या होत्या."

त्यांनी चष्मा काढला. केसांनाच तर हात लावला, म्हणाले, जिवे मारलं का? कौतुकानं लावला. शेठने ऑर्डर थांबवून ठेवली आहे. त्या बाईने दुकानात जाऊन माफी मागितली तर रिपोर्टचं बघू. मी "बघतो, सर" म्हणून बाहेर आलो. सर, मेळाव्याला तुमच्या मिसेस पण होत्या, शेठने कौतुकाने त्यांचा अंबाडा ओढला असता तर, हे वाक्य मला स्कूटरला तिसरी किक मारताना सुचलं.

आणि मग जो संताप आला तो आला. भोकरदनच्या बाजारात कोणी आमच्या बाईची वेणी ओढली असती तर चपलांनी बडवला असता त्याला, आणि बडवणाऱ्यांत जीएम साहेब पुढे असते. या बाईची ओढली तर कौतुक. का? तर ती लांबची, ती काळी, ती एकटी. तिचं डोकं म्हणजे जत्रेतला खेळ. आणि तिने हात बाजूला केला तर वर्तणूक तिची खराब.

मी गेस्ट हाउसवर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माफी मागितली तर रिपोर्ट चांगला?"

"हो."

"आणि नाही मागितली तर केंद्र गेलं."

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "सर, मी मागणार नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. फक्त खोटं लिहू नका."

मी लिहिलं. कामाच्या रकान्यात काम. वर्तणुकीच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून वेगळं पान जोडलं. त्यात लिहिलं की दुसऱ्याच दिवशी खाली सही करणाऱ्याने स्वतः यांच्या केसांना न विचारता हात लावला, यांनी सभ्यपणे समज दिली. त्यानंतर ऑफिसातल्या अमुक अमुकने लावला, यांनी सभ्यपणे समज दिली. मेळाव्यात कंपनीच्या डीलरने स्टेजवर केस ओढले, कंपनीचे अधिकारी, मी धरून, बघत बसले, यांनी तेव्हाही सभ्यपणे समज दिली. सबब वर्तणूक एक्सलंट.

जीएम साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं आणि खाली बसले.

"हे तिकडच्या सरकारकडे जाणार आहे, कळतंय का?"

"हो, सर."

"बियाणं विकायचंय आपल्याला तिथं."

"हो, सर."

"तुमचं स्वतःचं पण लिहिलंय?"

"सुरुवात माझ्यापासूनच झाली, सर."

त्यांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हे पान काढा."

"काढतो. रकान्यातला शब्द?"

"गुड करा."

"सर, पान काढतो म्हणालो. शब्द नाही."

त्यांनी सही केली. इतकी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली. जोडलेलं पान त्यांनी माझ्यासमोरच फाडलं.

फिरी मॅडम गेल्या. चार-पाच महिन्यांनी पत्र आलं. केंद्र मिळालं होतं. पत्रात चंद्रकलाबाईंसाठी दोन ओळी होत्या, मराठीत. त्या मी प्लॉटवर जाऊन वाचून दाखवल्या. शेठची ऑर्डर आठ दिवसांत परत सुरू झाली, कारण बियाणं त्यांनाही विकायचंच होतं. मला मात्र पुढच्या हंगामात कापसावरून काढून मक्यावर टाकलं. मक्याच्या कणसालाही केस असतात. त्यांना हात लावायला कोणाला विचारावं लागत नाही, एवढाच काय तो फायदा.

या सगळ्यातून मी शिकलो ते थोडंच आहे. हात आपला असला तरी डोकं दुसऱ्याचं असतं. हे शिकायला मला अख्खा हंगाम लागला आणि एक जागा गेली.

घरी मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, विशेषतः साहेबांना कसं कोंडीत पकडलं ते. बायको तूर निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाईला तिची जागा भेटली, हे बराबर झालं. पण तिचे केस ओढले, हे आता कुठंच लिहिलेलं न्हाई. ते तुमी दोघांनी मिळून फाडलं."