विमलताईंचा चांगला नवरा

आमच्या शाळेतल्या विमलताई डबा उघडता उघडता नवऱ्याचं कौतुक करायच्या. "आजची वांगी यांनीच परतली. आमचे हे लई मदत करतात की!" सोलापुरातला एक निवृत्त कारकून बायकोसाठी वांगी परततो, हे ऐकून आम्हा बाकीच्या शिक्षिकांच्या पोटात दुखायचं. मी तर घरी जाऊन त्या गृहस्थांच्या नावाने माझ्या नवऱ्याला टोमणे मारायची. आमच्याकडे स्वयंपाक माझा, भांडी त्याची, आणि करपलेला तवा कुणाचा यावरून रोजची खडाजंगी.

"तुमी लई भांडता बाई," विमलताई मला म्हणायच्या. "गोडीत सांगितलं की पुरुष ऐकतो." मोहोळच्या शेतकरी घरातली ही बाई असं तोऱ्यात बोलायची आणि मी ऐकून घ्यायची.

गेल्या वर्षी त्यांची गर्भपिशवी काढली. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. त्या घरी आल्यावर मी भेटायला गेले, तर नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलेलं. एका हाताने पोट धरून विमलताई भरलेली कळशी आत नेत होत्या. यजमान पंख्याखाली मोबाइल बघत बसले होते. मला पाहून ते तोंडभर हसले आणि आत हाक मारली, "अगं, मॅडमना चहा टाक."

माझं डोकंच फिरलं. कळशी हिसकावून घेत मी स्वयंपाकघरात गेले आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, डब्यातली भाजी कोण करायचं?"

"मीच की." त्या ओट्याला टेकल्या.

"मग आम्हाला खोटं का सांगितलंत?"

"लग्न झाल्यावर एकदा मदत मागितली होती ओ. म्हणले, जमत नसलं तर माहेरी जा. परत तोंड उघडलं न्हाय. तुमी भांडता, कारण भांडल्यावर तुमचा नवरा उठतो. माझा उठणार न्हाय, मला ठावं हाय. मग शाळेत तरी मला चांगला नवरा असू दे की."

त्यांनी गॅस पेटवला. मला त्या माणसाची चीड आली, आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या ताईंचीही आली.

पुढे पोटाचं दुखणं बळावलं आणि विमलताईंनी नोकरी सोडली. आता त्या दिवसभर घरीच असतात, खऱ्या नवऱ्यापाशी.